शिसपेन्सिलीचं निसर्गचित्र कसं पाहावं

रंगीत चित्रासमोर माणूस आपसूक थांबतो. शिसपेन्सिलीच्या साध्या स्केचवरून मात्र नजर घसरते, तोंडातून 'छान आहे' निघतं आणि पाय पुढे सरकतात. त्यात डोळ्यात भरेल असं फारसं नसतंच. एक झाड, एखादी पायवाट, मागे डोंगराची रेघ आणि बाकी बराचसा कोरा कागद. पण खरी गंमत या कोऱ्या कागदातच असते. पेन्सिलीला काळं करता येतं, पांढरं करता येत नाही. ऊन, धुकं, पाण्यावरची चकाकी, चुन्याची भिंत, जे जे उजेडाचं असेल ते चित्रकाराला हात आवरूनच दाखवावं लागतं. त्यामुळे स्केच पाहताना दोन गोष्टींचा माग काढायचा: हात कुठे दाबला, आणि कुठे थांबला.

आधी उजेड, मग अंतर

स्केच वाईट दिसण्याचं पहिलं कारण बऱ्याचदा खोलीतला दिवा असतो. पेन्सिलीच्या कांडीतलं ग्रॅफाइट हा कार्बनच्या पातळ थरांचा पदार्थ. पेन्सिल जोरात घासली की हे थर कागदावर आडवे बसतात आणि आरशासारखा उजेड परत फेकतात. परिणामी जिथे सगळ्यात गडद सावली हवी तिथेच चंदेरी चमक दिसते. उजेड बाजूने, वरून साधारण ४५ अंशांत येईल असा कागद धरा. खिडकीतला दिवसाचा उजेड उत्तम, थेट ऊन नको. काचेच्या चौकटीतलं चित्र असेल तर पाऊलभर डावी-उजवीकडे सरकून काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब घालवा.

अंतराचा ढोबळ हिशोब असा: कागदाच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट. ए४ कागदाचा कर्ण सुमारे ३६ सेंटिमीटर, म्हणजे ५५ ते ७० सेंटिमीटरवरून सगळं चित्र एका नजरेत येतं. बहुतेक जण थेट नाक लावून पाहायला सुरुवात करतात आणि गवताच्या काड्या मोजत बसतात. जवळ जायचंच आहे, पण नंतर.

चित्र हातात घ्यायचं असेल तर हात धुऊन कोरडे करा, कागद दोन्ही हातांनी कडेला धरा, आणि काही दाखवायला बोट टेकवू नका. ग्रॅफाइट कागदावर नुसतं बसलेलं असतं, चिकटलेलं नसतं. बोटाचा एक ओलसर ठसा मऊ पेन्सिलीचं आकाश कायमचं बिघडवतो.

पाच सेकंदं पाहा आणि मान वळवा

योग्य अंतरावरून चित्र फक्त पाच सेकंदं पाहा, मग नजर दुसरीकडे न्या आणि काय लक्षात राहिलं ते स्वतःला सांगा. 'डावीकडे काळं झाड, मधे उजळ रस्ता, मागे फिकट डोंगर' असं उत्तर आलं तर रचना मजबूत आहे. 'बरंच काही होतं' एवढंच आलं तर चित्रकाराने सगळ्याच गोष्टींना सारखाच भाव दिलाय.

आता डोळे अर्धवट मिटून पुन्हा पाहा. बारीक तपशील विरघळतात आणि फक्त छटांचे मोठे तुकडे उरतात. चांगल्या स्केचमध्ये असे तीन-चार तुकडे स्वच्छ वेगळे दिसतात: कागदाचा पांढरा, फिकट करडा, मधला करडा, गडद. डोळे मिटून पाहणं जमत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो टपाल तिकिटाएवढा करा. तेवढ्या आकारातही ऊन कुठून येतंय ते कळत असेल तर छटांचं काम पक्कं झालंय.

जे स्केच डोळे मिटल्यावर सगळीकडे सारखंच करडं दिसतं, त्याची कारणं ठरावीक असतात. एक, संपूर्ण चित्र एकाच एचबी पेन्सिलीने, एकाच दाबाने काढलेलं असतं. दोन, बोटाने घासून 'मऊ' केलेलं असतं. बोटाने घासलं की कागदाच्या दाण्यांमधली पांढरी भोकं बुजतात आणि उजेडाची वाटच बंद होते. अशा चित्राचं झाड, दगड, ढग सगळं एकाच रबराचं वाटतं. घासणं मुळातच चूक नाही. धुक्यासाठी, लांबच्या पाण्यासाठी कागदी बत्तीने (कागद घट्ट गुंडाळून केलेल्या टोकदार कांडीने) हलकं पसरवलेलं ग्रॅफाइट सुरेख दिसतं. ते एका जागी असावं, सरसकट नको.

पेन्सिलींचे क्रमांक इथे उपयोगी पडतात. 'शिसपेन्सिल' हे नाव फसवं आहे, तिच्यात शिसं नसतं. इंग्लंडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा शुद्ध साठा सापडला तेव्हा लोकांना ते शिशाचंच भावंड वाटलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. १७९५ साली निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजलेल्या कांड्यांचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ही एचची बाजू. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ही बीची बाजू. निसर्गचित्रात साधारणपणे लांबच्या गोष्टींना २एच किंवा एचबी, मधल्या भागाला २बी आणि पुढच्या गडद जागांना ४बी-६बी वापरतात. अर्थात निष्णात हात एकट्या २बीमधूनही हे सगळं काढतो. म्हणून मोजायच्या त्या पेन्सिली नाहीत, छटा.

आणखी एक लक्षात असू द्या. ६बी कितीही दाबली तरी कोळशाइतकी काळी होत नाही. पेन्सिलीचा 'काळा' हा खरं तर गडद करडा असतो. तो काळा वाटतो तो शेजारी सोडलेल्या पांढऱ्यामुळे. चित्रातली सगळ्यात गडद जागा शोधा आणि तिच्याशेजारी काय आहे ते पाहा. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जिथे एकमेकांना भिडतात, तिथे तुमची नजर आपोआप जाते. चित्रकाराला तिथेच न्यायची होती का? झोपडीचं दार, वळणावरचा माणूस, पाण्यातला दगड तिथे असेल तर हो. तिथे कागदाचा कोपरा किंवा बिनकामाचं झुडूप असेल तर नजर भरकटते, आणि चित्र 'कुठेतरी अडतंय' असं वाटण्यामागे बहुधा तेच असतं.

लांबचा डोंगर लांब का वाटतो

आपल्यात आणि डोंगरात हवा असते. हवेचे रेणू, बाष्प, धूळ उजेड विखुरतात, आणि अंतर जितकं जास्त, तितका हा विखुरलेला उजेड वाढत जातो. त्यामुळे लांबच्या सावल्या फिक्या पडतात, उजेड-अंधारातला फरक कमी होतो, कडा मऊ होतात. पेन्सिलीत याचं भाषांतर सोपं आहे: पुढे गडद आणि खरबरीत, मागे फिकट आणि सपाट. पुढच्या झाडाच्या सालीवर भेगा दिसतील, मधली झाडं नुसते पुंजके होतील, आणि शेवटचा डोंगर एकाच हलक्या रेषेत संपेल.

नवशिक्याची नेहमीची चूक इथेच सापडते. डोंगर मनात मोठा असतो, म्हणून त्याची बाहेरची रेघ सगळ्यात ठळक येते. मग तो मागे न राहता अंगावर येतो आणि पुढचं शेत त्याच्या पायथ्याशी चिकटलेलं दिसतं. पण ठळक डोंगर दिसला म्हणून लगेच चूक काढू नका. ढगाच्या सावलीतला डोंगर आणि पुढे लख्ख ऊन, किंवा मावळतीच्या उजेडापुढे उभी काळी रांग, ही दृश्यं खरीच तशी असतात. तेव्हा पाहायचं ते हे की चित्रात उरलेल्या ठिकाणी त्याचं कारण दिसतंय का. सावल्या त्याच दिशेला पडल्यात का, पुढची जमीन खरंच उजळ ठेवलीय का.

खोलीची दुसरी खूण म्हणजे एकावर एक येणारे आकार. झाडामागे घर, घरामागे टेकडी असा थर लागला की खोली फुकटात मिळते. उलट डोंगराचं टोक नेमकं छपराच्या टोकाला टेकलं, किंवा फांदीची कड क्षितिजाला घासून गेली, की दोन्ही गोष्टी एकाच पातळीवर येऊन बसतात. अशी नुसती टेकलेली टोकं शोधायची सवय लावा. एकदा दिसायला लागली की दिसतच राहतात, हा या सवयीचा तोटा.

चित्रकार उभा होता की बसलेला?

हे चित्रातून काढता येतं. मोकळं क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. सपाट जमिनीवर चित्रकार उभा असेल तर उभी माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांची डोकी साधारण क्षितिजाच्या रेषेवरच येतात. पाय मात्र वर-खाली होतात. तो ठेंगण्या स्टुलावर बसला असेल तर क्षितिज उभ्या माणसांच्या पोटा-छातीच्या आसपास जातं. टेकडीवरून पाहत असेल तर क्षितिज डोक्यांच्या बरंच वर चढतं आणि जमीन चटईसारखी पसरते.

क्षितिज झाडांनी झाकलेलं असलं तर घर शोधा. डोळ्यांच्या वर असलेली छपराची कड मागे जाताना खाली उतरते, डोळ्यांच्या खाली असलेली जोत्याची कड वर चढते. दोन्ही रेषा मनातल्या मनात पुढे वाढवल्या की त्या जिथे भेटतात, तीच डोळ्यांची उंची. घर एका उंचीवरून आणि माणसं दुसऱ्या उंचीवरून काढलेली असतील तर माणसं जमिनीत रुतलेली किंवा हवेत तरंगलेली वाटतात. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण खटकतं.

आता जवळ जा

ए४ चित्र असेल तर २० सेंटिमीटरपर्यंत. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर फारच चांगलं. रेघ भिंगाखाली सलग दिसत नाही. ग्रॅफाइट कागदाच्या उंचवट्यांवर अडकतं आणि खळगे पांढरे राहतात. खरबरीत कागदावर म्हणूनच रेघ चमचमते, गुळगुळीत कागदावर ती काटेकोर पण थंड वाटते. छापील प्रतीत याच जागी बहुतेक वेळा छपाईचे ठिपके दिसतात, आणि कागद तिरका केला तरी ग्रॅफाइटची चमक येत नाही. मूळ चित्र की छापील, हे ओळखायला एवढं सहसा पुरतं.

रेषेची जाडी बदलते का ते पाहा. बारीक टोकाने काढलेली आणि पेन्सिल आडवी धरून काढलेली रेघ वेगळी असते. चांगल्या चित्रात एकच रेघ वाटेत स्वभाव बदलते: दगडाच्या सावलीतल्या बाजूला दाबून, उन्हातल्या बाजूला येता येता पुसट, मग थेट गायब. तुटलेली कड आपला डोळा स्वतः पूर्ण करतो, आणि त्या जागी ऊन पडल्यासारखं वाटतं. सगळीकडून सारख्या जाडीने बंद केलेला दगड कागदावर चिकटवलेला दिसतो.

छायेच्या तिरक्या रेघांचा कल हाताचं गुपित फोडतो. उजव्या हाताची सहज रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे जाते, डावखुऱ्याची वरून डावीकडून खाली उजवीकडे. लिओनार्दो दा विंची डावखुरा होता, आणि त्याच्या रेखाटनांतल्या छायेचा कल असाच उलटा आहे. ५ ऑगस्ट १४७३ ही तारीख त्याने स्वतः टाकलेलं आर्नो नदीच्या खोऱ्याचं निसर्गचित्र फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. ते शाई-लेखणीचं असलं तरी रेघांवरून हात ओळखायचा सराव त्यावर उत्तम होतो. पेन्सिलीच्या चित्रात रेघा आकाराबरोबर वळतात का हेही पाहा. उतारावर तिरक्या, सपाट पाण्यावर आडव्या, कड्यावर उभ्या. सगळीकडे एकाच दिशेने ओढलेल्या असतील तर ती घाईही असू शकते आणि मुद्दाम राखलेली लयही. लय असेल तर छटा मात्र वेगवेगळ्या निघतात.

एक छोटा प्रयोग. खोली थोडी अंधारी करून टॉर्चचा उजेड कागदाला जवळजवळ समांतर, १०-१५ अंशांवरून टाका. दाबून काढलेल्या रेघांच्या खाचा उठून दिसतात, आणि खोडरबराने पुसलेल्या रेघांच्याही. ग्रॅफाइट गेलं तरी कागदातली खाच बरेचदा राहते. झाड आधी बोटभर डावीकडे होतं, क्षितिज एक सेंटिमीटर खाली होतं, हे इथे कळतं. या दुरुस्त्या डाग समजू नका. चित्रकाराचा विचार बदलला तो क्षण तिथे जागच्या जागी सापडतो.

झाड

संपूर्ण स्केचमध्ये एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर झाड तपासा, तिथे कुणालाच लपता येत नाही.

बुंध्यापासून सुरू करा. तो जमिनीतून खांबासारखा निघतो, की तळाशी पसरून मुळांकडे उतरतो? पहिली फांदी फुटल्यावर खोड बारीक होतं का? प्रत्येक फाट्यानंतर जाडी घटायला हवी. आपल्याकडे येणारी फांदी एखादी तरी आहे का? बहुतेक कच्च्या चित्रांत फांद्या फक्त डावी-उजवीकडे पसरतात आणि झाड वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखं चपटं होतं.

मग पानोरा. पानं सुटी काढलेली असतील तर झाड खवल्यांचं होतं. जाणता हात पानोऱ्याचे तीन-चार मोठे गोळे करतो, प्रत्येकाची वरची बाजू उजळ आणि खालची गडद ठेवतो, आणि पानासारखी वळवळ फक्त कडेला, जिथे उजेड अंधाराला भेटतो तिथे करतो. आतला भाग जवळजवळ मोकळा. आपण कडेवरून झाडाची जात ओळखतो आणि आतली हजार पानं स्वतः भरतो.

पानांतून दिसणारं आकाश हा तर कळस. ही भोकं अगदी कागदी पांढरी ठेवली की झाडावर कागदाचे कपटे चिकटल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात पानांच्या कडांनी वेढलेलं छोटं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद भासतं. म्हणून ती भोकं हलक्या करड्या हाताने भरलेली असावीत, आकाराने वेगवेगळी असावीत, आणि एखाद्यातून फांदीचा तुकडा पलीकडे जाताना दिसावा. शेवटी झाडाची जमिनीवरची सावली. ती खड्ड्यात उतरते, दगडावर चढते, बांधावर वाकते. सावली सरळ पट्टीसारखी असेल तर जमीनही पट्टीसारखी झाली.

पाण्याचं थोडक्यात. स्थिर पाण्यात वस्तूचं प्रतिबिंब सरळ खाली पडतं, उजेडाच्या दिशेने तिरकं नाही. तिरकी पडते ती सावली, आणि या दोन्हींची गल्लत फार होते. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा जरा उजळ आणि उजळ वस्तूचं जरा गडद असतं. आकाशात ढगांना बाहेरून रेघ मारलेली असेल तर कापूस झाला, ढग नाही. क्षितिजाकडे ढग छोटे आणि चपटे होत जायला हवेत.

अर्धवट आहे की पुरेसं आहे

कडेला विरत गेलेलं चित्र पाहून 'पूर्ण केलं नाही वाटतं' असं म्हटलं जातं. स्केच पूर्ण व्हायला चारही कोपरे भरावे लागत नाहीत. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या १८१३ आणि १८१४च्या खिशात मावणाऱ्या पेन्सिल-वह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तळहाताएवढ्या पानांवर त्याने गाड्या, होड्या, नांगर, शेतं टिपली, आणि त्यांतल्या काही नोंदी पुढे मोठ्या तैलचित्रांना उपयोगी पडल्या. टिपण म्हणून काढलेल्या स्केचला टिपणाचेच निकष लावावेत. कडेला 'इथे पिवळट', 'वारा डावीकडून' असं काही लिहिलेलं किंवा बाण काढलेला दिसला तर तो चित्राचाच भाग समजा.

अर्धवटपणा आणि आटोपशीरपणा यांतला फरक तपासायला जाड कागदाच्या दोन एल-आकाराच्या पट्ट्या कापा, त्यांची चौकट करून चित्रावर लांबी-रुंदीत सरकवा. कडेचा कोरा भाग झाकल्यावर चित्र गुदमरलं तर तो कोरेपणा कामाचा होता. झाकल्यावर चित्र सुधारलं तर ती जागा नुसती उरलेली होती.

हे सगळं डोक्यात उतरवायचा एक उपाय: साध्या कागदावर १० बाय ७ सेंटिमीटरची चौकट आखा आणि समोरचं स्केच पाच मिनिटांत त्यात उतरवा, फक्त तीन छटांमध्ये. कोरा कागद, मधला करडा, गडद. झाड ओळखू आलं नाही तरी चालेल. तिसऱ्या मिनिटाला हात कुठेतरी अडतो, 'हा भाग मधला की गडद?' असा प्रश्न पडतो. मूळ चित्रकाराने त्या जागी काय ठरवलं ते मान वर करून पाहा.

चित्र काढणारी व्यक्ती समोर असेल तर 'अगदी फोटोसारखं' हे शब्द टाळा. कॅमेऱ्याला काही गाळता येत नाही, आणि त्या माणसाची निम्मी मेहनत गाळण्यात गेलेली असते. त्याऐवजी जागेवर बोट न टेकवता जागा सांगा. 'डोंगरापाशी हात हलका ठेवलात, म्हणून तो मागे राहिला.' 'ही बांधाची रेघ मधेच सोडलीत, तिथे ऊन आलं.' खटकलं तेही असंच सांगावं: 'कोपऱ्यातलं झुडूप दारापेक्षा काळं झालंय, नजर तिकडे पळते.'